बाईचा पाट सोलापुरात मांडला

सोलापूर, ता. ५ जानेवारी १९७६

सौ. मुक्ता,

अक्षर ओळखू येणार नाही म्हणून आधीच सांगते. मी अनसूया, तुझी थोरली जाऊ. कुणाकडून लिहून घेतलेलं नाही, माझ्याच हातानं लिहिते आहे.

हे मिलमध्ये होते आणि मी गावी होते, तेव्हा माझी पत्रं तू लिहायचीस. चुलीपुढं बसून मी सांगायची, तू लिहायचीस, आणि मधेच तुझ्या मनानं घालायचीस, 'इकडील काळजी नसावी.' मला तर इकडची काळजीच कळवायची असायची. पुढं सोलापूरला आल्यावर माझ्या दिगूच्या पहिलीच्या पुस्तकावर मी अक्षरं शिकले. तो पाटीवर काढायचा, मी चुलीच्या राखेत. एकमेकांच्या पुढं जायचं नाही असं आमचं ठरलं होतं. तो शाळेत गेला की मी चोरून पुढचा धडा वाचायची.

मंगळवारी दवाखान्यात डोळे दाखवायला गेले होते. तू बाकड्यावर बसली होतीस, मांडीवर शालन, शेजारी जोतीरामभावजी. मला बघून तू पदर पुढं ओढलास. मी जवळ आले नाही. पण शालनचं टोपरं सरकलं होतं आणि खाली केस नव्हते, ते मला दिसलं. डोळे दाखवायला गेले होते तरी तेवढं दिसलं.

माझ्या शेजारी सुंदरम्मा राहते. विणकराच्या घरातली, दवाखान्यात नर्स आहे. तिला विचारलं. ती म्हणाली, मुंबईला निदान झालं, औषध तिथलंच आहे, मधली इंजेक्शनं इथं घेतात. रक्ताच्या आजाराचं नाव तिनं सांगितलं आणि मग माझ्या हातावर हात ठेवला. दिगूचा आजार तोच होता, हे तिला माहीत आहे.

म्हणून सात वर्षांनी लिहिते. मला एकच सांगायचं आहे. शालनचं अंग तापलं की थांबायचं नाही. सकाळी बघू, बाजाराच्या दिवशी जाऊ, असं करायचं नाही. जेऊर स्टेशनला यायचं, मिळेल ती गाडी धरायची. या औषधानं आजार मारताना रक्तातले राखणदारही मरतात. राखणीला कुणी नसलं की ढोरं रानात शिरायला वेळ लागत नाही. तापावरचं इंजेक्शन लगेच मिळालं तर पोर उठतं.

आत्याबाईंना माझा नमस्कार सांग. सासूनं सुनेचा नमस्कार घ्यायचा की नाही, ते त्या ठरवतील.

अनसूया

सोलापूर, ता. २४ जानेवारी

सौ. मुक्ता,

कार्ड पोचलं. 'मजकूर कळला. आमचं आम्ही बघतो. इकडील काळजी नसावी.' खाली सही भावजींची, अक्षर तुझं. ती ओळ वाचून मला हसू आलं.

तुम्ही बघताय हे मला ठाऊक आहे. मुंबईपर्यंत जाऊन आलात. भावजींनी बैल विकल्याचं कुणीतरी सांगितलं. औषधात कसूर होईल असं मी म्हणतच नाही. मी फक्त तापाचं म्हणते.

दिगूचं तू पाहिलंच आहेस, तरी लिहिते. कारण तू पाहिलंस ते आणि मी पाहिलं ते एक नव्हतं. त्या उन्हाळ्यात त्याच्या गोळ्या चालू होत्या आणि तो खेळत होता. गावी आलो. ताप चढला, पोटावर लाल ठिपके उठले. आत्याबाई म्हणाल्या, गोवर हाय, घरात देवीबाई आली. दाराला लिंबाच्या फांद्या बांधल्या, पाट मांडून वर तांब्या ठेवला, फोडणी बंद, औषध बंद. बाई घरात असताना पोराला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, मग सुई टोचणं तर लांबच. गोवराच्या पोरांना आपल्याकडं असंच सांभाळतात आणि बरीच बरीही होतात. आत्याबाईंनी स्वतःची पोरं अशीच वाढवली. रोज त्या दिगूच्या अंगावरून लिंबाचा डहाळा फिरवायच्या, उन्हातान्हात दही मागायला घरोघर जायच्या. त्यांनी माया कमी केली असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही.

पण तो गोवर नव्हता. रक्त कातडीखाली उतरलं होतं. सगळे रानात गेल्यावर मी त्याला उचललं आणि फांद्यांखालून बाहेर पडले. दवाखान्यात पोचलो तर म्हणाले, मोठे डॉक्टर येऊ देत, ते आल्यावर ठरवू. ते आले ते पार उशिरा, तेव्हा त्यांनी इंजेक्शन दिलं. दिगूनं ते हूं की चूं न करता घेतलं, यावरूनच मी काय ते समजले.

नंतर विहिरीवर तू बायकांत म्हणालीस, 'बाईला दारात टाकून गेली, म्हणून बाईनं पोरगं नेलं.' मी पलीकडं धुणं धूत होते. भांडायला हे लिहीत नाही. तू तेव्हा नवी होतीस, घरात जे बोललं जात होतं तेच बोललीस. पण तेव्हापासून मी गावी आले नाही आणि पुढं हे वारले तरी तुमच्यातलं कुणी आलं नाही. एवढं एकदा कागदावर आलं, आता त्याचं काही नाही.

शालनच्या इंजेक्शनाला पुन्हा येशील तेव्हा दुपारी माझ्याकडं टेक. दवाखान्यापासून हाकेवर आहे. तू पोटुशी, बाकड्यावर किती बसशील?

अनसूया

सोलापूर, ता. १७ फेब्रुवारी

मुक्ता,

सुखरूप पोचलात हे कळलं. आलीस, बरं वाटलं. तू आत येईपर्यंत मला भरवसा नव्हता. उंबऱ्याशी उभी राहून म्हणालीस, 'पानी तेवढं द्या, अक्का, बसत न्हाय.' आणि भिंतीला टेकून बसलीस ती उन्हं कलेपर्यंत.

चादरींच्या दशा वळून माझं पोट भरतं, हे तुला खरंच वाटेना. 'आमी चादर घेतो तवा वाटतं, ह्या दशा आपोआपच येत्यात!' म्हणालीस. शालनला दोरे हातात दिले तर तिनं तीन पेडांची वेणी घातली आणि स्वतःच्या कानाला लावून बघितली. 'माझं केस आलं की अशीच घाला,' म्हणाली. तू चटकन तोंड फिरवलंस. मी म्हटलं, घालू की, आणि रिबीन लाल.

मग तिला फळीवरची पाटी दिसली. 'ही कुनाची?'

'तुझ्या दिगूदादाची.'

'त्यो कुटं हाय?'

'लांब.'

'मग त्येला आता लागत न्हाय?'

'नाही लागत.'

'मग मला द्या की!'

तू तिला दटावलंस. तू दटावलं नसतंस तर ती पाटी द्यायला माझा हात कदाचित अडला असता. तुझा आवाज ऐकला आणि वाटलं, हिनं रागवून घ्यावं असं या पोरीनं काय मागितलंय? पाटीला फळीवर ठेवून काय मिळतं? दिली. सांभाळते का?

जाताना तू जे विचारलंस त्याचं उत्तर मला तिथं देता आलं नाही. तू म्हणालीस, 'ताप आला तर आणीन, अक्का. माजी ना न्हाय. पर अंगावर काय उठलं, आन् आत्याबाईंनी पाट मांडला, तर? तवर मी बाळंतीन असंन. बाळंतीन खोलीतनं भाईर कशी पडंल? ह्येंचं तर आईपुढं तोंड उघडत न्हाय. कोन आणंल हिला?'

तू गेल्यापासून मी तेच धरून बसले आहे. पुस्तकात शोधलं. वाचनालयात आरोग्याचं एक जाड पुस्तक आहे. त्यात तापाचं सगळं आहे, सासूचं काही नाही.

सुंदरम्माशी मात्र बोलले. ती मला तिथल्या तरुण डॉक्टरांकडं घेऊन गेली. मी म्हटलं, मुलगी येईल तेव्हा मोठे डॉक्टर असोत नसोत, तिला बसवून ठेवू नका. त्यांनी मुंबईच्या डॉक्टरांची सूचना पाहिलेली होती. म्हणाले, 'आजी, ती दारात आली की इंजेक्शन देतो. पण दारात आणायचं काम तुमचं.' आजी म्हणाले मला. एवढी दिसते का गं?

अनसूया

सोलापूर, ता. १५ मार्च

मुक्ता,

हे पत्र आत्याबाईंना वाचून दाखव. तू अंथरुणावर असशील तर भावजींनी वाचावं. मधे काही गाळू नये, मनचं काही घालू नये.

ती. आत्याबाईंना अनसूयाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी बाईला मानत नाही असं तुम्हाला वाटतं. मी तुमच्याच घरात शिकले, आत्याबाई. लिंबाच्या फांद्या कशा बांधायच्या, नैवेद्याला दही कुठलं चालतं, पाटाचं तोंड कुठं करायचं, सगळं तुम्हीच शिकवलंत. त्या दिवशी मी दिगूला घेऊन फांद्यांखालून गेले तेव्हा मीही भ्याले होते. बाईला की दिगूच्या जिवासाठी, मला आजही सांगता येणार नाही.

तुम्ही म्हणता, बाई घरात असताना पोराला घराबाहेर काढू नये. बरोबर. मग माझं घर कुणाचं? तुमच्या थोरल्या लेकाचं. ते तुमचंच घर आहे. माझ्या अंगणातही लिंब आहे, चांगला वाढलेला. तुम्ही लग्नात दिलेला पाट अजून माझ्याकडं आहे. शालनच्या अंगावर काही उठलं, अंग तापलं, तर तुम्ही बाईलाच सोलापूरला घेऊन या. तुमच्या हातानं फांदी आणा. पोरगी बाईला सोडून येणार नाही, बाईसंगं येईल. इथं आपल्याच घरात पाट मांडू, फोडणी घालायची नाही, पायात घालायचं नाही, जे असेल ते सगळं करू. डॉक्टर त्याचं करील. आपण दोघींनी मिळून पोरीला सांभाळलं तर बाई रागवायची नाही, असं मला वाटतं. तुमचं मत काय ते तुम्ही सांगावं. मी शिकवायला बसलेली नाही. विनंती करते.

शालनला उशीर होऊ नये, एवढंच मागणं आहे.

तुमची सून,
अनसूया

सोलापूर, ता. ११ एप्रिल, रविवार

मुक्ता,

आधी हे वाच. शालनला इंजेक्शन मिळालं. वेळेत मिळालं. ताप अजून आहे, पण ती बोलते आहे. डॉक्टर म्हणतात, लवकर आणलंत. हे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

तू बाळंतिणीच्या खोलीत पडून कानोसा घेत असशील म्हणून भावजींच्या हाती हे देते. ते उद्याच्या गाडीनं निघतील. आता सविस्तर.

दशा वळत बसले होते. टांगा थांबला. बघते तर आत्याबाई उतरताहेत. एका हातात लिंबाची एवढी फांदी, दुसऱ्या हातात टांग्याचा दांडा. मागं भावजी, खांद्यावर वाकळेत गुंडाळलेली शालन. सात वर्षांत आत्याबाई किती वाळल्या गं! माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, 'पाट मांडलायस?'

'मांडते, आत्याबाई.'

'मागनं मांड. आदी दवाखाना.'

घरात पाऊलही टाकलं नाही. टांगा तसाच पुढं घेतला, मी चढले.

आज रविवार. बाहेरचे विभाग बंद, एकच खिडकी उघडी आणि तिच्यापुढं ही गर्दी. भावजी जाऊन रांगेच्या शेपटाला उभे राहिले. खिडकीतला म्हणाला, आधी कागद काढा, मग आत. मी डॉक्टरांचं नाव सांगायला लागले, तर कुणी ऐकेना. पुन्हा तेच, दिगूच्या वेळचं.

तेवढ्यात आत्याबाईंनी फांदी वर केली. आपल्या मळ्यातनं ढोरं हाकलताना असायचा तसा आवाज. 'बाई आलीया! वाट द्या! बाईला उभं करायचं न्हाय!'

मुक्ता, रांग दुभंगली. बायकांनी पोरं पोटाशी घेऊन बाजू दिली. एका म्हाताऱ्यानं पायातल्या वहाणा काढून हात जोडले. दारातला शिपाई आडवा आला, 'आजी, हे झाड कुठं नेताय?'

'झाड न्हाय ह्ये. अडवून बघ, तुज्याच घरी येती का न्हाय!'

तो भिंतीला चिकटला. ज्या फांदीनं आपल्याला सात वर्षांमागं घरात थांबवलं होतं, तिनंच आज दार उघडलं. मी मागनं जात होते आणि रडू की हसू कळत नव्हतं.

आत सुंदरम्मा होती, तिनं तरुण डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी शालनला बघितलं आणि लगेच इंजेक्शन भरायला सांगितलं. कागद भावजींनी मागाहून काढला. फांदी मात्र डॉक्टरांनी खोलीत नेऊ दिली नाही. म्हणाले, हिला बाहेरचं काहीही लागता कामा नये, आणि आजी, हा गोवर नाही, कातडीखाली रक्त आलंय.

आत्याबाई म्हणाल्या, 'तुज्या ठेवनीतलं नाव तू घे, माज्या ठेवनीतलं मी घेते. सुई दे आदी.'

त्या आता व्हरांड्यात फांदी घेऊन बसल्या आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका पाया पडून जातात.

निघतानाचं भावजींनी सांगितलं. सकाळी शालनच्या कपाळाला हात लावल्याबरोबर आत्याबाईंनी स्वतः फांदी तोडली. शेजारच्या बजाबाई आडव्या आल्या, बाईला गावाभाईर नेऊ नगा म्हणाल्या. आत्याबाई म्हणाल्या, 'बाई काय आपल्या एकट्या गावची हाय व्हय? माज्या थोरल्याच्या घरी पाट हाय. तितं नेते.' माझं पत्र त्यांनी पुन्हा पुन्हा वाचायला लावलं होतं म्हणे. मला हे तू का नाही कळवलंस?

शालननं पाटी आणली आहे. तिच्यावर एक झाड काढलं आहे, खाली आजी. आजी झाडापेक्षा मोठी आहे.

दूध येतं का? खात जा. बाळाचं नाव ठरवलंत का?

अक्का

सोलापूर, ता. २१ एप्रिल

मुक्ता,

हे पत्र पोचेल तेव्हा शालन आणि आत्याबाई घरी येऊन दोन रात्री झाल्या असतील. पोरीनं तुला सगळं सांगितलं असेल, वॉर्डातली मांजर, सुंदरम्माचं घड्याळ, सगळं. एक गोष्ट तिला माहीत नाही आणि आत्याबाई सांगणार नाहीत.

ताप उतरला, ठिपके विरत गेले. डॉक्टर म्हणाले, या वेळचं टळलं. आजार आहेच, औषध चालू ठेवायचं, पुढचं पुढं. त्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, 'आता बाईची बोळवण करायला पायजे. दहीभात कर. द्रोण दोन लाव.'

मी विचारलं नाही दोन कशाला. एक आपल्या गावच्या बाईला, एक इथल्या, असं काहीतरी असेल वाटलं.

दहीभात घेऊन निघालो. आत्याबाई म्हणाल्या, 'तुज्या सोलापूरची शीव कुटं हाय?' आता शीव मी कुठून दाखवू? शहराला शीव नसते, नुसती घरं पातळ होत जातात. शेवटी म्हटलं, जिथं माल अडवून जकात घेतात तिथं शहर संपतं. 'मग तीच शीव,' म्हणाल्या.

जकात नाक्यावर कारकुनानं टोपलीकडं बोट केलं. 'काय आहे, आजी?'

'दहीभात.'

'याला जकात नाही. जा.'

'देनार पन न्हवते,' म्हणाल्या.

नाक्याच्या पुढं एक लिंब आहे. त्याच्या मुळाशी त्यांनी पाणी शिंपडलं, वाळून गेलेली आपली फांदी ठेवली, पहिला द्रोण ठेवला. 'ह्यो शालनचा. सुखानं जा, आई.' मग दुसरा हातात घेतला. मागं ट्रक जात होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

'दिगूला दही आंबट लागायचं का गोड?'

मुक्ता, सात वर्षांत त्याच्याबद्दल कुणी मला एवढंही विचारलं नव्हतं. त्याला काय आवडायचं, हे माहीत असलेली मी एकटीच राहिले आहे.

म्हटलं, 'गोड.'

त्यांनी कमरेची पिशवी सोडली. तीत गुळाचा खडा होता, वाटेत चक्कर आली तर म्हणून ठेवतात ना, तो. हातानं चुरून सगळा त्या द्रोणात घातला, बोटानं कालवला, आणि शालनच्या द्रोणाशेजारी ठेवला. 'ह्येची बोळवण ऱ्हायली हुती,' म्हणाल्या. बस. तेवढंच. मग उठायला माझा हात मागितला.

येताना नाक्यावरून घरापर्यंत त्यांनी तो सोडला नाही. रस्ता ओलांडायची भीती वाटते म्हणाल्या. एरवी दवाखान्यासमोरचा रस्ता त्या एकट्या ओलांडत होत्या.

मांडलेला पाट मी आत ठेवून दिलेला नाही. भिंतीशी उभा करून ठेवला आहे, धुऊन. शालनचं अंग पुन्हा तापलं, काही उठो न उठो, की निघायचं, पाट दोन मिनिटांत मांडता येतो. तू सव्वा महिन्यानं उठलीस की बाळाला घेऊन ये. शालनची रिबीन आणून ठेवली आहे. केस यायला वेळ आहे, पण असू दे.

आणि आत्याबाईंची पिशवी रिकामी आहे. त्या तुला सांगणार नाहीत. गुळाचा खडा घालून ठेव, जरा मोठा.

तुझी अक्का,
अनसूया